खेड्यातील घरात इन्व्हर्टर आणि बॅटरी बसवताना

विदर्भातल्या खेड्यात लाईन दोन तऱ्हांनी जाते. एक रोजची, म्हणजे संध्याकाळी अर्धा तास, पहाटे पाऊण तास, आणि डीपीवरचा, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवरचा, फ्यूज उडाला तर दुपारी दीड-दोन तास. दुसरी मे महिन्याच्या शेवटी आणि जूनच्या पहिल्या पंधरवड्यात येणाऱ्या वादळाची. त्या वेळी तारांवर कडुनिंबाची फांदी पडते, खांब वाकतात आणि लाईन केव्हा येईल हे वायरमनलाही सांगता येत नाही. इन्व्हर्टर घेण्याचा विचार बहुतेक घरांत अशा एखाद्या रात्रीनंतर होतो, आणि दुसऱ्याच दिवशी तालुक्याच्या गावी जाऊन दुकानदार देईल तो संच उचलून आणला जातो. आमच्या घरीही पहिला संच असाच आला होता. त्याची बॅटरी आम्ही ओसरीत, पश्चिमेच्या भिंतीला लागून, टिनपत्र्याखाली ठेवली, आणि दुसरा उन्हाळा संपता संपता ती वीस मिनिटांवर आली. बॅटरीत दोष नव्हता. जागा चुकली होती, तिच्यातले पाणी वेळेवर पाहिले जात नव्हते आणि तिच्यावर किती भार आहे हे कोणी मोजलेच नव्हते. त्यानंतर स्वतःच्या आणि नातेवाइकांच्या घरी संच बसवून घेताना जे समजत गेले, ते येथे कामाच्या क्रमाने लिहीत आहे.

आधी भार मोजावा

दुकानात जाण्याआधी घरातच एक कागद घेऊन बसावे आणि लाईन नसताना कोणत्या वस्तूंवाचून चालणारच नाही, तेवढ्याच वस्तू त्यावर लिहाव्यात. प्रत्येक वस्तूसमोर तिचे वॅट लिहावेत. ते वस्तूच्या मागील पट्टीवर छापलेले असतात. साधा छताचा पंखा सुमारे 75 वॅट घेतो, एलईडी बल्ब 9 वॅट, एलईडी ट्यूब 20 वॅट, बत्तीस इंची टीव्ही पन्नास वॅटच्या आसपास, इंटरनेटचा राउटर 10 वॅट आणि मोबाईलचा साधा चार्जर 10 वॅट. दोन पंखे, चार बल्ब, एक राउटर आणि दोन मोबाईल एवढा हिशेब केला तर बेरीज 216 वॅट येते. खेड्यातील मध्यम घराची रात्रीची खरी गरज साधारण एवढीच असते.

आता बॅटरीकडे पाहावे. बाजारात सर्वाधिक खपणारी बॅटरी 12 व्होल्ट, 150 ए.एच. (अँपिअर-तास) असते. या दोन आकड्यांचा गुणाकार 1800 होतो आणि दुकानात हाच आकडा सांगितला जातो. परंतु बॅटरी तळापर्यंत रिकामी करायची नसते, नाहीतर तिचे आयुष्य झपाट्याने घटते. सुमारे सत्तर टक्केच वापरायचे ठरवले तर 1260 वॅट-तास हाती येतात, आणि त्यातील पाचवा भाग इन्व्हर्टर स्वतःच्या कामात खर्च करतो. शेवटी उरतात हजार वॅट-तास, म्हणजे वीजबिलावरचे बरोबर एक युनिट. एवढी जड बॅटरी घरी आणली तरी तिच्या पोटात एकच युनिट वापरण्याजोगे असते, ही गोष्ट एकदा मनात पक्की बसली की पुढचे निर्णय आपोआप शहाणपणाने होतात.

त्या एका युनिटावर 216 वॅटचा भार साडेचार तास चालेल. तेच दोन पंखे बदलून त्यांच्या जागी बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे, पंखे लावले, तर प्रत्येक पंखा सुमारे 30 वॅटवर येतो, एकूण भार 126 वॅट होतो आणि तीच बॅटरी जवळजवळ आठ तास, म्हणजे रात्री दहापासून उजाडेपर्यंत पुरते. दुसरी बॅटरी घेण्यापेक्षा दोन पंखे बदलणे बहुधा स्वस्त पडते, शिवाय वर्षभराच्या बिलातही ती बचत दिसते. म्हणून कोणीही मला विचारले की मी आधी पंखे बदलायला सांगतो आणि बॅटरीचे नाव नंतर काढतो.

कूलरचा प्रश्न आपल्याकडे टाळता येत नाही. अकोला, वर्धा, चंद्रपूर, ब्रह्मपुरी या भागांत पारा 45 अंशांच्या पुढे जातो, तेव्हा घरात केवळ पंखा फिरवणे म्हणजे गरम हवा अंगावर घेणे असते. पत्र्याच्या मोठ्या कूलरचा पंखा आणि पंप मिळून बहुधा दोनशे वॅटच्या घरात जातात. म्हणजे तो एकटाच चार-पाच तासांत बॅटरी संपवील आणि दिवे-पंख्यांना काही उरणार नाही. यावर दोन मार्ग आहेत. एक, रात्रीसाठी कमी वॅटचा छोटा कूलर वेगळा ठेवून तो ज्या खोलीत लहान मुले आणि म्हातारी माणसे झोपतात तेथेच चालवावा. दुसरा, मोठाच कूलर चालवायचा असेल तर त्या खोलीतील छताचा पंखा बंद ठेवावा आणि ताटी चांगली भिजली की पंप काही वेळ थांबवावा, कारण ओली ताटी थोडा वेळ गारवा धरून राहते. पाण्याची मोटर, इस्त्री, गिझर, शेगडी यांना या संचावर जागा नाही. अर्ध्या अश्वशक्तीची मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते आणि लहान इन्व्हर्टर तेवढ्यानेच बंद पडतो. टाकी लाईन असतानाच भरून ठेवावी.

घरात दमा असलेले माणूस असेल तर वाफेचे यंत्र दहा-पंधरा मिनिटेच चालते. त्याचा भार फारसा मोजावा लागत नाही. ऑक्सिजन तयार करणाऱ्या यंत्राचे मात्र तसे नाही. घरगुती वापराचे पाच लिटरचे यंत्र तीनशे वॅटच्या पुढे घेते आणि अखंड चालते, त्यामुळे एका बॅटरीवर ते तीन तास काढील. अशा घरात बॅटरीच्या भरवशावर राहू नये. डॉक्टरांना विचारून भरलेला सिलिंडर घरात ठेवावाच.

इन्व्हर्टर निवडताना

इन्व्हर्टरवर व्ही.ए. (व्होल्ट-अँपिअर) लिहिलेले असतात, आणि त्यांचे वॅट त्यापेक्षा कमी भरतात, 900 व्ही.ए.चा इन्व्हर्टर साधारण सातशे वॅटच्या आसपासचा भार उचलतो. वरच्या 216 वॅटच्या घराला तो पुष्कळ झाला. येथे एक गैरसमज फार दिसतो. इन्व्हर्टर मोठा घेतला की लाईट जास्त वेळ चालेल असे लोकांना वाटते. परंतु विहिरीवर पाच अश्वशक्तीचा पंप बसवला म्हणून विहिरीतले पाणी वाढत नाही, उलट ते लवकर उपसले जाते. इन्व्हर्टर पंप आहे आणि बॅटरी विहीर आहे. शिवाय मोठा इन्व्हर्टर रिकामा चालतानाही थोडी अधिक वीज खातो.

इन्व्हर्टरमधून निघणाऱ्या विजेच्या लहरीचा प्रकार विचारून घ्यावा. चौकोनी लहरीचे इन्व्हर्टर स्वस्त असतात, पण त्यांवर पंखा घुमतो आणि मोटर तापते. शुद्ध साईन वेव्हचाच, म्हणजे लाईनसारखी गोलसर लहर देणारा, इन्व्हर्टर घ्यावा. बीएलडीसी पंखे, टीव्ही आणि दवाखान्याची यंत्रे त्यावर नीट चालतात.

खेड्याच्या दृष्टीने याहून महत्त्वाची गोष्ट इन्व्हर्टरच्या मागच्या एका लहानशा स्विचची आहे. त्याच्या एका बाजूला ‘यूपीएस’ आणि दुसऱ्या बाजूला ‘नॉर्मल’, ‘इको’ किंवा तत्सम शब्द लिहिलेला असतो. यूपीएसच्या बाजूला असताना व्होल्टेज साधारण 180 च्या खाली गेले की इन्व्हर्टर ती लाईन नाकारून बॅटरीवर जातो. ज्यांचे घर डीपीपासून लांब, लाईनच्या शेवटच्या टोकाला आहे, त्यांच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज 150-160 वर उतरते. अशा वेळी गावात लाईन असूनही त्यांचे घर बॅटरीवर चालत राहते, आणि रात्री लाईन खरोखर जाते तेव्हा बॅटरी आधीच रिकामी झालेली असते. माझ्या मामांच्या घरी हेच झाले होते. त्यांनी बॅटरी खराब म्हणून दोनदा तपासून घेतली आणि दोन्ही वेळा ती चांगली निघाली; शेवटी मी एका संध्याकाळी मल्टीमीटर घेऊन सॉकेटवर मोजले तेव्हा काटा 158 वर होता. स्विच दुसऱ्या बाजूला सरकवला आणि तक्रार तेथेच संपली. ज्या घरात संगणक नाही त्या घरात हा स्विच ‘नॉर्मल’वरच असावा. व्होल्टेज नेहमीच इतके कमी असेल तर महावितरणकडे तक्रार नोंदवावी, कारण कमी व्होल्टेजवर बॅटरी चार्ज व्हायलाही वेळ लागतो. त्यासाठी 1912 हा क्रमांक आहे.

बॅटरी विकत घेताना

आपल्या वापरासाठी उंच ट्युब्युलर, म्हणजे आत नळ्यांसारख्या पट्ट्या असलेली, बॅटरी योग्य. पत्र्यांची साधी बॅटरी थोडी स्वस्त पडते, परंतु वारंवार आणि लांब खंडित होणाऱ्या पुरवठ्यात ती टिकत नाही. लेबलवर ए.एच.च्या शेजारी ‘सी-20’ किंवा ‘सी-10’ लिहिलेले असते, तेही वाचावे. सी-20 म्हणजे ती बॅटरी वीस तासांत सावकाश रिकामी केली तर तेवढे ए.एच. देते; सी-10 म्हणजे दहा तासांत. त्यामुळे 150 ए.एच. हा आकडा दोन्हींवर सारखाच असला तरी सी-10 ची बॅटरी दणकट असते, आणि सोलर लावायचा विचार असेल तर तीच घ्यावी. बॅटरी तयार झाल्याचा महिना विचारावा. दुकानात महिनोन्‌महिने पडून राहिलेली बॅटरी आतून उतरत जाते. दुकानदाराला मल्टीमीटर लावायला सांगावे, 12.4 व्होल्टच्या खाली असलेली बॅटरी उचलू नये. वॉरंटीच्या कार्डावर तारीख आणि शिक्का समोर उभे राहून करून घ्यावा.

लिथियम आयर्न फॉस्फेटच्या बॅटऱ्याही आता तालुक्यापर्यंत आल्या आहेत. त्यांत पाणी घालावे लागत नाही, त्या लवकर चार्ज होतात आणि नव्वद टक्क्यांपर्यंत वापरता येतात, त्यामुळे 100 ए.एच.ची लिथियम बॅटरी व्यवहारात 150 ए.एच.च्या ट्युब्युलरइतकेच काम देते. किंमत मात्र जास्त आहे. ती जुन्या इन्व्हर्टरला नुसती जोडून चालत नाही. इन्व्हर्टरमध्ये लिथियमची सोय असावी लागते. आणि ती उष्णतेला घाबरत नाही असे सांगितले जाते ते खरे नाही. फार तापल्यावर तिच्यातील रक्षक सर्किट चार्जिंग थांबवते, म्हणजे मे महिन्याच्या दुपारी, पत्र्याच्या खोलीत, नेमक्या गरजेच्या वेळी. ज्यांच्याकडे पाणी पाहणारे कोणी नाही, मुले पुण्या-नागपूरला आणि घरी वृद्ध आईवडीलच आहेत, त्यांनी परवडत असेल तर लिथियमचा विचार अवश्य करावा. इतरांसाठी माझे मत अजून ट्युब्युलरकडे झुकते.

जागा

बॅटरीचे सगळे आकडे 27 अंशांच्या आसपास धरून दिलेले असतात. त्यापुढे दर दहा अंशांना शिसे-आम्लाच्या बॅटरीचे आयुष्य निम्मे होते असा ढोबळ नियम आहे. टिनपत्र्याखालच्या खोलीत दुपारचे तापमान बाहेरच्या पाऱ्याच्याही पुढे जाते. तेथे पाच वर्षांची बॅटरी दोन उन्हाळ्यांत संपली तर कंपनीला दोष देता येत नाही. जुन्या घरांतील मातीच्या जाड भिंती आणि कवेलूचे छप्पर या बाबतीत नव्या स्लॅबपेक्षा चांगले, म्हणून घराचा जुना भाग शिल्लक असेल तर बॅटरी तेथेच ठेवावी. नसेल तर उत्तरेची किंवा पूर्वेची, दुपारचे ऊन न लागणारी भिंत निवडावी. जमीन शेणाने सारवलेली असेल तर ओलीपासून बचाव म्हणून ट्रॉली किंवा जाड फळी लागतेच. पाणी भरताना झाकणे उघडता यावीत एवढी मोकळी जागा वर असावी.

चार्ज होताना या बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. तो हवेत साचला तर ठिणगीने पेट घेतो, म्हणून कोंदट कोठी, देवघरातील समईची जागा आणि चुलीजवळचा कोपरा वर्ज्य. कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्यांतील वाचकांना येथे आवर्जून सांगावेसे वाटते. भाव वाढेल म्हणून आपण कापूस घरातच ढीग घालून ठेवतो, कधी बैठकीपासून माजघरापर्यंत छताला टेकेल इतका. त्या खोलीत बॅटरी किंवा इन्व्हर्टर एक दिवसही असू नये. सैल जोडणीची एक ठिणगी वर्षाची कमाई आणि घर दोन्ही घेऊन जाईल. संच बसवताना घर रिकामे असते आणि दिवाळीनंतर कापूस येतो, म्हणून जागा ठरवतानाच कापूस कोठे पडणार आहे हे डोळ्यांसमोर आणावे.

जोडणी

घरातील वायरिंगचे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे. पण तो काय करतो आहे हे समजण्याइतकी माहिती घरच्यांना असावी. ज्या दिव्या-पंख्यांना बॅकअप द्यायचा आहे त्यांचे सर्किट बोर्डापासूनच वेगळे काढावे, आणि त्या सर्किटचा न्यूट्रल, म्हणजे परतीची तार, इतर सर्किटच्या न्यूट्रलमध्ये मिसळू नये. तो मिसळला तर आरसीसीबी, म्हणजे करंट गळू लागला की लाईन तोडणारी स्विच, विनाकारण पडत राहते आणि मग कंटाळून लोक तीच काढून टाकतात. दिव्यांना 1.5 चौरस मिलिमीटरची आणि सॉकेटला 2.5 ची तांब्याची वायर वापरावी. इन्व्हर्टर दुरुस्तीला गेला तरी घर थेट लाईनवर चालावे म्हणून बायपास स्विच लावून घ्यावा. त्याचा खर्च किरकोळ असतो आणि उपयोग मोठा. डीपीवर न्यूट्रल तुटला तर घरात 230 ऐवजी तीनशेच्या पुढे व्होल्टेज येऊ शकते, म्हणून जास्त-कमी व्होल्टेजला लाईन तोडणारे उपकरण मीटरनंतर बसवावे. इन्व्हर्टर जळण्याच्या अनेक घटना याच कारणाने होतात.

एक काम कोणीही, कितीही घाईच्या वेळी, करू नये. दोन्ही टोकांना पिना असलेली वायर तयार करून इन्व्हर्टरची वीज भिंतीतल्या सॉकेटमध्ये सोडण्याचा प्रकार मी पाहिला आहे. मेन स्विच चुकून चालू राहिला तर ती वीज उलटी डीपीकडे जाते, आणि डीपी 230 चे पुन्हा हजारो व्होल्ट करतो. लाईन बंद आहे असे समजून खांबावर चढलेला वायरमन आपल्याच गावातला कोणाचा तरी मुलगा असतो.

बॅटरी आणि इन्व्हर्टर यांच्यातील तारा जाड आणि आखूड असाव्यात. बारा व्होल्टवर सातशे वॅट खेचताना या तारांतून सत्तर अँपिअरच्या आसपास करंट वाहतो, तेव्हा सोबत आलेली केबल तोडून तिला साध्या वायरचा जोड देणे म्हणजे आग लावण्याची तयारी होय. बॅटरीच्या अगदी जवळ, लाल तारेवर, डी.सी.साठीचाच फ्यूज असावा. घरातील नेहमीची एमसीबी, म्हणजे जास्त करंटला पडणारी बोर्डातली स्विच, त्या कामाची नाही. जोडताना हातातील घड्याळ, अंगठी, कडे, बांगड्या काढून ठेवाव्यात आणि पान्याच्या दांड्याला टेप गुंडाळावी. आधी लाल, नंतर काळी. शेवटची तार लावताना बारीक ठिणगी उडते, ती स्वाभाविक आहे. नट घट्ट बसला की तार हाताने हलवून पाहावी. ती किंचितही फिरत असेल तर पुन्हा आवळावी. आमच्याकडे एका बसवणाऱ्याने हा नट सैल सोडला होता; पंधरा दिवसांनी जळक्या प्लास्टिकचा वास आला म्हणून पाहिले, तर तारेचे काळे आवरण टर्मिनलजवळ फुगून मेणासारखे ओघळले होते आणि शिशाचा खुंट एका बाजूने वितळला होता. तेव्हापासून नवा संच सुरू झाल्यावर तासाभराने मी जोडणीच्या जवळ हाताची पाठ नेऊन ऊब पाहतो. उष्णता जाणवली तर संच बंद करून नट तपासतो. नव्या बॅटरीवर भार टाकण्याआधी ती दहा-बारा तास सलग चार्ज होऊ द्यावी.

अर्थिंगकडे आपल्याकडे फार दुर्लक्ष होते. काळी माती ओली असताना अर्थिंगला उत्तम. परंतु एप्रिल-मेमध्ये तिला हातभर भेगा पडतात, पाईपला लागून असलेली माती सुटते आणि अर्थिंग नावापुरते उरते. कूलरचे शॉक नेमके त्याच दिवसांत बसतात. उन्हाळाभर दर दोन-तीन दिवसांनी अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतावे. आणि घरातील प्रत्येकाला, मुलांनासुद्धा, हे सांगून ठेवावे की लाईन गेली तरी इन्व्हर्टरच्या सर्किटमध्ये 230 व्होल्ट असतातच. मेन स्विच पाडूनही बल्बचा होल्डर जिवंत असतो. त्या सर्किटवर काही काम करायचे तर इन्व्हर्टर बंद करून त्याचा प्लगही काढावा लागतो. बॅटरीवर चालताना आरसीसीबी वाचवीलच असे धरू नये. कूलरमध्ये पाणी भरताना त्याची पिन काढलेली असावी, लाईन असो वा नसो.

पाणी आणि देखभाल

ट्युब्युलर बॅटरीच्या सहा तोंडांवर सहा झाकणे असतात आणि प्रत्येकात एक तरंगणारी दांडी असते. दांडीवरचा हिरवा पट्टा वर दिसला की पाणी ठीक आहे. लाल दिसू लागला की भरायचे. मार्च ते जून दर पंधरा दिवसांनी आणि इतर वेळी दीड-दोन महिन्यांनी हे पाहावे. पाणी भरण्याची वेळ बॅटरी पूर्ण चार्ज झाल्यानंतरची. आधी भरले तर चार्ज होताना आम्ल वर येऊन ओघळते. आतील पट्ट्या उघड्या पडल्या असतील तर मात्र त्या बुडण्यापुरते आधीच घालावे. पाणी फक्त डिस्टिल्ड, बंद डब्यातले. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातील अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या गावांत बोअरच्या पाण्याने तांब्यावर पांढरा थर चढतो. तेच पाणी बॅटरीत गेले तर आतील पट्ट्यांचा नाश होतो. आरओचे पाणीही चालत नाही. डिस्टिल्ड पाणी फवारणीच्या औषधाच्या रिकाम्या डब्यात कधीही साठवू नये, आणि बॅटरीत आम्ल तर स्वतःहून मुळीच घालू नये. कमी होते ते पाणी, आम्ल नव्हे.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी जमली तर इन्व्हर्टर बंद करून, तारा सोडवून, गरम पाण्यात खाण्याचा सोडा कालवून ब्रशने धुवावे. झाकणे घट्ट असल्याची खात्री आधी करावी, कारण सोडा आत गेला तर आम्ल मारले जाते. पुसून कोरडे झाल्यावर तारा आवळाव्यात आणि वरून पेट्रोलियम जेलीचा हात फिरवावा. डोळ्यांवर चष्मा आणि जवळ साध्या पाण्याची बादली असू द्यावी. उंदीर वायरी कुरतडतात, म्हणून पावसाळ्यात धान्याची पोती बॅटरीला टेकवून रचू नयेत.

आकाशात विजा दिसू लागल्या की त्या डोक्यावर येण्याआधीच इन्व्हर्टरचा प्लग सॉकेटमधून ओढून ठेवावा; घर बॅटरीवर चालत राहते आणि लाईनवरून येणारा झटका यंत्रापर्यंत पोचत नाही. वादळानंतर लाईन आली तरी पहिली काही मिनिटे व्होल्टेज वरखाली होते, तेवढे थांबून मगच प्लग लावावा.

लाईन दोन दिवस येणार नाही असे दिसले तर पहिल्याच संध्याकाळपासून काटकसर सुरू करावी. टीव्ही बंद, एका खोलीत सगळ्यांनी झोपणे, एकच पंखा, एक दिवा. तीस अधिक नऊ वॅटचा हा भार, इन्व्हर्टरचा स्वतःचा खर्च धरूनही, एक पूर्ण रात्र आणि दुसरीचा मोठा भाग काढतो. इन्व्हर्टर शिट्टी देऊन बंद पडल्यावर त्याला पुन्हा पुन्हा बटण दाबून चालू करणे म्हणजे बॅटरीच्या मुळावर उठणे. तसेच रिकामी बॅटरी आठवडाभर तशीच पडली तर तिच्या पट्ट्यांवर कठीण थर बसतो आणि तो पुन्हा निघत नाही.

शेतातील घर आणि सोलर

गावठाणाच्या फीडरवर, म्हणजे सबस्टेशनवरून गावासाठी येणाऱ्या लाईनवर, असलेल्या घराला वरचा संच पुरतो. शेतात राहणाऱ्या कुटुंबाचे तसे नाही. शेतीच्या फीडरला आठ तासांच्या आसपासच पुरवठा मिळतो, तोही अनेक ठिकाणी काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. आणि रिकामी बॅटरी भरायला दहा-बारा तास लागतात. तेथे बॅटरी नेहमी अर्धीच भरते आणि अर्धी भरलेली बॅटरी लवकर मरते. अशा घरी सोलरचे पॅनल घेतल्याशिवाय बॅटरी घेऊ नये.

आपल्याकडे एक किलोवॅटचे पॅनल वर्षभराच्या सरासरीने दिवसाला सुमारे चार युनिट देते. एक युनिट वापरण्यासाठी बॅटरीत दीड युनिटाहून थोडे अधिक घालावे लागते, म्हणून एका 150 ए.एच. बॅटरीला चारशे ते पाचशे वॅटचे पॅनल आणि सोलर इन्व्हर्टर किंवा चार्ज कंट्रोलर (पॅनलची वीज बेताने बॅटरीत सोडणारे यंत्र) एवढे पुरते. झडीच्या दिवसांत ते कमी पडेल हे गृहीत धरावे. तोंड दक्षिणेला, कल वीस-एकवीस अंश, आणि नट चांगले आवळलेले, कारण वावटळ पॅनल उचलून नेते. वानरांच्या टोळ्या येत असतील तर पॅनल त्यांच्या उड्यांच्या वाटेत लावू नये. धूळ पहाटे, काच थंड असताना पुसावी.

2024 मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत घराच्या छतावरील सोलरला एक किलोवॅटसाठी 30,000, दोनसाठी 60,000 आणि तीन किंवा अधिक किलोवॅटसाठी 78,000 रुपये अनुदान मिळते. बिल कमी करण्यासाठी ही योजना चांगली आहे आणि ज्यांचे छप्पर मजबूत आहे त्यांनी तिचा लाभ घ्यावा. परंतु बॅटरी नसलेले हे सोलर लाईन गेली की तेही बंद पडते, भर दुपारी, लख्ख उन्हातसुद्धा. लाईनवर काम करणाऱ्यांच्या सुरक्षिततेसाठी ते तसेच बनवलेले असते. हे आधी न समजल्यामुळे नंतर निराश झालेली दोन घरे माझ्या ओळखीची आहेत. लाईन गेल्यावरही वीज हवी असेल तर बॅटरी जोडता येणारा हायब्रिड इन्व्हर्टर हवा, आणि हे अर्ज भरतानाच ठरवावे लागते.

वर्षातून दोनदा, होळीच्या आधी आणि दसऱ्याच्या सुमारास, बॅटरी पूर्ण भरलेली असताना इन्व्हर्टरचा प्लग काढून नेहमीच्या भारावर ती किती वेळ चालते ते घड्याळ लावून पाहावे आणि ट्रॉलीला बांधलेल्या वहीत लिहावे. शिट्टी होईपर्यंत थांबण्याची गरज नाही. दोन तासांनी भार काढून, थोडे थांबून व्होल्टेज मोजले आणि ते मागच्या वेळेपेक्षा बरेच खाली आले असेल तर उतार सुरू झाला आहे. एखाद्याच तोंडाचे पाणी इतरांपेक्षा लवकर आटत असेल तर तो कप्पा बिघडलेला असतो, आणि वॉरंटी शिल्लक असेपर्यंत ते दुकानात दाखवणे आपल्या हिताचे. दोन बॅटऱ्यांच्या संचात एक गेली तर दोन्ही बदलाव्यात. जुनी-नवी जोडी लावली तर जुनी नवीला ओढून नेते. निकामी बॅटरी भंगारवाल्यासमोर फोडून तिचे आम्ल नालीत किंवा बांधावर ओतू देऊ नये, कारण त्यातले शिसे विहिरीपर्यंत जाते. ती नवी बॅटरी घेताना दुकानात वजनावर परत द्यावी. तिचे पैसे नव्या बिलातून वजा होतात, तेवढे बिलावर लिहून घ्यावेत.